मधुकरच्या दारातला व्हाळ

पार्से गावच्या राईतून जो व्हाळ, म्हणजे ओढा, वाहतो तो नकाशावर नाही, आणि नकाशावर जो आहे तो मधुकरच्या घरातून, अगदी त्याच्या चुलीवरून वाहतो, हे संजनाच्या लक्षात आलं तेव्हा तिला आधी हसू आलं. ते हसू दुपारपर्यंतसुद्धा टिकलं नाही.

नकाशा तिनेच केला होता. म्हापशातल्या एका सर्वेक्षण कंपनीत ती कामाला होती, आणि पेडणे व डिचोली या दोन तालुक्यांतले सगळे ओहोळ, नाले आणि त्यांची पाणलोट क्षेत्रं नकाशावर आणायचं काम कंपनीकडे आलं होतं. रीत सोपी. उपग्रहाने मोजलेल्या जमिनीच्या उंचीचे आकडे घ्यायचे. संगणक जमिनीचे लहान लहान चौकोन पाडतो, त्यातले खोटे खड्डे बुजवतो आणि मग एकेका चौकोनाला विचारतो, बाबा रे, तुझं पाणी शेजारच्या आठांपैकी कुणाकडे उतरतं? सगळ्यांची उत्तरं जोडत गेलं की निळ्या रेघा आपोआप उमटतात. चहा पिऊन येईपर्यंत अख्खा तालुका तयार.

गोम एकच होती. उपग्रहाला वरून जे दिसतं तेच तो मोजतो. दाट झाडी असली की त्याला जमीन दिसत नाही, झाडांचे शेंडे दिसतात, आणि तो त्यांनाच जमीन समजून मोकळा होतो. पार्सेची राई म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं जुनं रान. तिथे कुणी कुऱ्हाड लावत नाही, म्हणून झाडं अशी वाढलेली की खालच्या घळीत भर दुपारी अंधारून येतं. त्या घळीतूनच व्हाळ जातो. संगणकाच्या लेखी मात्र तिथे घळ नव्हतीच, उंचवटा होता. उंचवट्यावरून पाणी कसं वाहणार? म्हणून त्याने व्हाळ उचलला आणि शेजारच्या बोडक्या उतारावर नेऊन ठेवला. त्या उतारावर एकच घर होतं, मधुकर आणि लक्ष्मीचं.

अशा चुका व्हायच्याच. म्हणून तर नकाशा झाला की गावोगाव जाऊन पडताळून पाहायचं असतं. संजनाने तसं सांगितलंही होतं. तिचे साहेब गोकुळदाससर म्हणाले होते, "आपण नकाशे करायला बसलोय की सहली काढायला?" आणि शेकडो निळ्या रेघांचा तो गुंता सही-शिक्क्यानिशी पुढे गेला होता.

सुर्ल्यातही तसंच झालं होतं. खाणीतून उपसून टाकलेल्या मातीच्या ढिगाला संगणकाने डोंगर मानलं आणि त्या डोंगरावरून एक ओहोळ थेट एका ट्रकमालकाच्या नव्या गोदामात सोडून दिला. मालकाचा फोन आला. गोकुळदाससर पानावरून उठून सुर्ल्याला धावले, आणि संध्याकाळपर्यंत ओहोळ नकाशावरून नाहीसा झाला. चूक होती, सुधारली, बरं झालं. पण मधुकरच्या घराची चूक घेऊन संजना त्यांच्यासमोर उभी राहिली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"अहवाल गेला, संजना. आता त्यात हात घातला तर कंपनीचं नाव जाईल."

"सुर्ल्याचा बदलला की, सर."

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिला पुढच्या कामाची आठवण करून दिली. टेबलावर त्यांचं अर्धं खाल्लेलं पॅटिस पडलं होतं. संजनाला त्या पॅटिसचीसुद्धा शिसारी आली.

गोष्ट कागदावरच राहिली असती तर एक वेळ चाललं असतं. पण कुठल्या लांबच्या शहरातून आलेल्या एका बिल्डरला पार्सेत बंगले बांधायचे होते, राईत आणि राईला लागून असलेल्या काजूच्या बागेत. व्हाळाच्या काठी बांधकामाला परवानगी मिळत नाही, म्हणून गाडं अडलं होतं. नव्या नकाशाने सांगितलं, राईत व्हाळच नाही. शिवाय बागेत रस्ता न्यायला एकच वाट होती आणि त्या वाटेवर मधुकरचं घर उभं होतं. नकाशाने तेही काम करून टाकलं. घर व्हाळाच्या पात्रात आहे, सबब ते पाडण्यात यावं, अशी नोटीस मधुकरच्या हातात पडली. काजूची बाग होती संजनाच्या काकांची, गुरुदासांची. राई देवस्थानची, आणि देवस्थानचा कारभार पाहणाऱ्या मानकरी घरांचे, म्हणजे महाजनांचे, प्रमुख पुन्हा गुरुदासकाकाच.

मधुकर मूळचा दोडामार्गाकडचा. सुर्ल्याला खनिजाचा ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या तेव्हा काकांनीच त्याला बागेत कामाला घेतलं आणि काकांनीच बोट दाखवून सांगितलं, त्या उतारावर बांध तुझं घर. म्हणून नोटीस आल्यावर मधुकर ती वाचून घ्यायला कुणाकडे गेला? काकांकडेच. काकांनी ती शांतपणे वाचली, घडी घातली आणि म्हणाले, "मी बघतंय." मधुकर त्यांच्या पाया पडून परत गेला.

मयेहून म्हापशाला रोजची ये-जा नको म्हणून संजना काकांच्या घरी राहत होती, त्यामुळे हे सगळं तिच्या डोळ्यांदेखत झालं. तिनेच मग मधुकरला अर्ज लिहून दिला. तालुक्याच्या साहेबांसमोर सुनावणी ठरली, येत्या सोमवारची. आणि महाजनांनी सह्या करून साहेबांना आधीच कळवून टाकलं होतं, राईत कधीच व्हाळ नव्हता, जुना व्हाळ मधुकरच्या दारातूनच जायचा. पहिली सही काकांची होती.

हे तिला कळलं त्या सकाळी काका सोप्यावर बसून चहात उंडो, म्हणजे कडक गोल पाव, बुडवून खात होते.

"काका, राईत व्हाळ ना म्हणून तुमी लिहून दिलात?"

"नकाशार ना तो. मगे आमी किदें सांगूचा?"

"नकाशा चुकलो आसा. मीच केलंय तो."

"चूक तुजी, आनी आमकां कित्याक इचारतंस?"

"तुमी त्या व्हाळात पोवूक शिकलात, काका! बाबा सांगतत, तुमी दोगांनी त्या कोंडीत उड्यो मारल्यात."

"पावसाचा पाणी खंयय साठता गो," काका म्हणाले आणि दुसरा उंडो हातात घेतला. त्यांच्या मिशीला चहा लागला होता. लहानपणी याच माणसाने तिला खांद्यावर बसवून जत्रेत फिरवलं होतं. आता त्यांच्याकडे बघवेना.

आतून पद्मावतीकाकू सगळं ऐकत होत्या. बाहेर येऊन त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "गरम चाय हाडूं?" सगळ्या घरानेच कानांवर हात ठेवले होते.

तेव्हा संजनाचा तोल गेला. "बरा तर. वर्साक तरंगां न्हातत ती खंय? पावसाच्या पाण्यात? चैतात? सोमवारी सायबांका मी ताच सांगतलंय."

तरंगं म्हणजे गावच्या देवांचे उंच खांब, रंगीत लुगड्यांनी सजवलेले. दर चैत्रात पार्सेची तरंगं वाजतगाजत राईत नेतात आणि व्हाळाच्या कोंडीत, म्हणजे जिथे उन्हाळ्यातही पाणी आटत नाही त्या खोलगट जागी, त्यांना न्हाऊ घालतात. महाजन गुडघाभर पाण्यात उतरतात. मुख्य तरंग बाबलीच्या हातात असतं. त्याच्या घराण्याचा तो मानच. न्हाण झालं की बाबलीच्या अंगात देवाचा अवसार येतो आणि मग तो जे बोलेल तो देवाचा शब्द. ज्याच्या दारात देव उभा राहील त्याने काय ते देवाला विचारायचं. त्या शब्दापुढे महाजनसुद्धा मान तुकवतात.

काकांच्या हातातला उंडो चहात तुटून पडला. ते चिडले नाहीत. पेल्यात बघतच म्हणाले, "बरी याद केलंस."

संजनाला वाटलं, शरम वाटली असेल.

न्हाण सोमवारच्या आधीच होतं. तिने मनाशी सगळं योजून ठेवलं. कोंडीच्या वरच्या खडकावर बसायचं आणि काका व्हाळात गुडघाभर उभे राहिले की मोबाइलवर फोटो काढायचे. नाही म्हणणारे महाजन, नाही म्हणतात त्याच व्हाळात, देवासकट. सोमवारी ते फोटो साहेबांपुढे ठेवायचे आणि आपला नकाशा चुकलाय हे स्वतःच्या तोंडाने सांगायचं. नोकरी जाणार हे ठरलेलंच होतं. तिला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. त्या टेबलाशी परत जायचीच तिला किळस वाटत होती.

त्या दिवशी ती लवकर जाऊन खडकावर बसली. कोंडीत पाणी होतं, स्वच्छ, तळाचे दगड दिसण्याइतकं. वरच्या कपारीतून बारीक धार उतरत होती. व्हाळ कुणाला विचारून वाहत नव्हता. थोड्या वेळाने देवळाकडून ढोल ऐकू आला, जवळ येत गेला, राईच्या तोंडाशी पोचला. तिने मोबाइल हातात घेतला.

आणि ढोल लांब जायला लागला.

तिला आधी वाटलं, वाऱ्यामुळे तसं ऐकू येत असेल. मग कळलं, मिरवणूक वळली. ती धडपडत वर चढली, काट्यांत ओढणी फाटली, आणि राईच्या बाहेर येऊन बघते तर तरंगं बोडक्या उतारावर, मधुकरच्या अंगणात उभी होती.

अंगणाच्या कडेला पाण्याचा टँकर लावलेला. त्याचा काळा पाइप अंगणात सोडलेला. अंगणाच्या मधोमध एक ताजा चर खणलेला, वरून खालपर्यंत, नकाशावरच्या रेघेसारखा सरळ. त्यात टँकरचं पाणी खळाळत सोडलं होतं. काका, बाकीचे महाजन, पंचायतीतले दोघे, सगळे धोतरं खोचून त्या चरात उभे होते. म्हापशाहून खास आणलेला व्हिडिओवाला वाकून वाकून ते टिपत होता. टँकर मात्र चित्रात येणार नाही याची तो काळजी घेत होता, हे संजनाने पाहिलं. तिनेच त्यांना वाट दाखवली होती. बरी याद केलंस.

अंगण शेणाने सारवलेलं होतं. चराच्या दोन्ही बाजूंना रांगोळी होती. लक्ष्मी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, ओटीचं ताट हातात घेऊन उभी होती, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"बाय, बघलंस?" तिने संजनाचा हात घट्ट धरला. "देव आमच्या दारात इले! काका म्हणाले, ह्या वर्साक देवाच्या मनात तुमच्याच दारात न्हावचा आसा. आमच्यासारख्या उपऱ्यांच्या दारात, बाय!"

मधुकर बाजूला हात जोडून उभा होता. "चर मीच मारलंय काल," तो लाजत लाजत म्हणाला. "काकांनी मशीन हाडूचा म्हटल्यानी. मी म्हटलंय, देवाची वाट आसा, मशीन कित्याक? फावडो आसा माझो."

स्वतःच्या घरावरून फिरणारी रेघ या माणसाने स्वतःच्या हाताने खणली होती, आणि वर खुशीत होता. आणि त्याच्याकडून ती खणून घेणारा माणूस समोर ओल्या धोतरात उभा राहून मंत्र पुटपुटत होता. तिला त्या क्षणी काकांचा राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. पायाखाली काही मऊ चिरडावं आणि कळावं की ते मेलेलं होतं, तसं काहीतरी तिला झालं.

न्हाण आटोपलं. तरंगांवरून निथळलेलं पाणी तांब्यात धरून काका तीर्थ वाटायला निघाले. लक्ष्मीने ओंजळ पुढे केली, अर्धं प्यायली, उरलेलं डोक्यावरून फिरवलं आणि ओटीचं ताट बाबलीच्या पायाशी ठेवलं. खण, तांदूळ, आणि सोललेला मोठा नारळ. मग काका संजनापुढे आले. तिने हात पुढे केला नाही.

"घे," काका हळूच म्हणाले. "सगळे बघतत."

तिने घेतलं. तोंडात घातलं. टँकरच्या गंजाचा आणि औषधाच्या पावडरीचा वास नाकात चढला.

ती थुंकली. देवासमोर, महाजनांसमोर, काकांच्या पायांशी.

ढोल थांबला. कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. लक्ष्मी कळवळून पुढे आली. "बाय, ह्या किदें केलंस? तीर्थ ता!"

"तीर्थ नाय ता, वयनी. टँकराचा पाणी." संजनाचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. "देव तुमच्या दारात न्हावक इले नाय. तुमच्या दारात व्हाळ आसा असा दाखवूक हाडल्यानी तेंका. ह्यो चर म्हंजे व्हाळ. सोमवारी सायबांका हो व्हिडिओ दाखवतले, आनी मगे तुमचा घर मोडतले. नोटीस काढूक लावल्यानी ती ह्यांनीच."

"उन्हान तकली फिरली तिची," काका आजूबाजूला बघत म्हणाले. एकदोघे हसले. बाकीचे जमिनीकडे बघू लागले. त्यांच्यातला प्रत्येक जण त्या कोंडीत पोहलेला होता. प्रत्येकाच्या आईने तिथून घागरी भरून आणलेल्या. एकालाही तोंड उघडावंसं वाटलं नाही. शेण खायचंच म्हटलं की माणसं किती शिस्तीत पंगतीला बसतात, ते संजनाने त्या दिवशी पाहिलं.

मधुकरने बायकोकडे पाहिलं. लक्ष्मीने संजनाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि मान हलवली. "नाय बाय. काका तसा करूचे नाय. आनी काकांनी केल्यानी तरी देव कसो येतलो? देव खोट्याक येता?"

तिला तोड सापडली होती. डोळे पुसून, पदर सावरून ती बाबलीसमोर गेली. बाबली तरंग धरून चरातच उभा होता. त्याच्या अंगात अवसार आलेला होता. डोळे अर्धे मिटलेले, अंग थरथरत होतं, तोंडातून हुंकार निघत होते. देव दारात उभा होता आणि विचारायचा हक्क तिचा होता. लक्ष्मीने हात जोडले.

"देवा," ती म्हणाली, "मी अडाणी बाईल माणूस. माका नकाशे कळनत नाय. तू वर्सानुवर्सा न्हातंस ता तुज्या व्हाळात. तूच सांग. तुजो व्हाळ खंय? राईत, की माज्या दारात?"

बाबलीचं अंग थरथरायचं थांबलं. त्याने डोळे उघडले आणि उत्तर देण्याआधी गुरुदासकाकांकडे पाहिलं.

पाहिलं एवढंच. क्षणभर. पण ते सगळ्यांनी पाहिलं. ढोलवाल्यांनी पाहिलं, पंचायतीतल्या दोघांनी पाहिलं, महाजनांनी पाहिलं आणि घाईघाईने नजरा वळवल्या. देव काय बोलू म्हणून काकांना विचारत होता. बाबलीच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण त्याने पुन्हा डोळे मिटले आणि जोरजोरात घुमायला लागला, पण आता त्या घुमण्याकडे बघणंसुद्धा नको वाटत होतं.

"बंद कर रे तो कॅमेरो!" काका ओरडले.

"तुम्हीच म्हणाला होता काका," व्हिडिओवाला गोंधळून म्हणाला, "शेवटपर्यंत मध्ये थांबायचं नाही."

"थांबू नकोस," संजना त्याला म्हणाली. "सोमवारी मलाही तो लागणार आहे."

लक्ष्मी अजून बाबलीसमोरच उभी होती. ती रडत नव्हती. मघाचं सगळं पाणी तिच्या चेहऱ्यावर सुकून गेलं होतं. ती खाली वाकली आणि ओटीच्या ताटातला नारळ तिने उचलला. देवाला वाहिलेलं परत घ्यायचं नसतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. जन्मभर तिने ते पाळलं होतं. अंगणातल्या एकदोन बायका दचकून पुढे झाल्या, पण तिला अडवायचं धाडस कुणाला झालं नाही. नारळ छातीशी धरून ती सरळ झाली.

"तू काकांच्याच दारात न्हा, देवा," ती म्हणाली, आणि पाठ फिरवून घरात गेली.

मधुकरने कुडाला टेकवून ठेवलेलं फावडं घेतलं, चराच्या काठावरच्या मातीत खुपसलं आणि पहिला घमेलंभर ढीग चरात लोटला. मग दुसरा. त्याने वर पाहिलं नाही, घाई केली नाही. काका एकदा "मधुकर" म्हणाले. महाजन एकेक करून धोतरं सोडत चराबाहेर पडले. बाबली तरंग घेऊन मधोमध उभा होता. माती त्याच्या घोट्यापर्यंत आली तेव्हा त्याला पाय काढून बाजूला व्हावं लागलं.